सोळा तासांची खुर्ची

अमेरिकेतून मुंबईला यायचं ठरलं की घराघरात एकच चर्चा सुरू होते. एमिरेट्स घ्यावी की कतार? एअर इंडिया थेट जाते तर मधे कशाला उतरायचं? सिंगापूरवाल्यांची सेवा फार छान, पण ते लांबून नेतात. चर्चा कंपन्यांच्या नावांवर सुरू होते आणि भाड्यावर संपते. ज्या खुर्चीत चौदा-सोळा तास काढायचे, तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जेवढा फरक असतो, तेवढा कित्येकदा दोन कंपन्यांतही नसतो. म्हणून कुणी मला विचारलं की मी आधी विमान कोणतं ते बघायला सांगते, मग खुर्ची, मग प्रवासाचे तुकडे कसे पडलेत ते. शेपटीवरचं नाव त्यानंतर.

बोइंग ७७७ घ्या. १९९५ साली युनायटेड एअरलाइन्सने ते पहिल्यांदा प्रवाशांसाठी उडवलं तेव्हा इकॉनॉमीत एका रांगेत नऊ खुर्च्या होत्या. मांडणी दोन-पाच-दोन. केबिनची आतली रुंदी सहा मीटरला थोडी कमी. त्यात नऊ जण बसले की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेअठरा इंच येतात. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की मधल्या वाटा जरा अरुंद केल्या आणि हात टेकायचे दांडे बारीक केले, तर तिथेच दहावी खुर्ची बसते. तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा द्यावी तशी ती बसवली गेली आणि प्रत्येकाची बैठक सतरा इंचांच्या आसपास उतरली. आज लांब पल्ल्याच्या बहुतेक ७७७ विमानांत तीन-चार-तीन अशीच मांडणी असते. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने बरीच वर्षं नऊ खुर्च्या राखल्या, पण २०१८पासून तीही दहावर आली. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर विमानांत मात्र तीन-तीन-तीन टिकून आहे. म्हणजे विमान तेच, खुर्ची वेगळी.

दीड इंचाने काय होतं, असं वाटू शकतं. बसायला सतरा इंच पुरतात, अडचण खांद्यांची असते. मोठ्या माणसाचे खांदे त्या खुर्चीहून रुंद असतात, त्यामुळे शेजाऱ्याशी खांदा घासतो. मग माणूस नकळत वाटेच्या बाजूला किंवा खिडकीकडे कलून बसतो. तासाभराच्या प्रवासात हे जाणवत नाही. पंधरा तास तिरकं बसल्यावर मान, खांदा आणि कंबर असं सगळंच बोलायला लागतं. मधल्या सीटवर दोन्हीकडून दाब असेल तर अंग अक्षरशः आंबून जातं.

बोइंग ७८७ची गंमत याच्याहून मोठी आहे. ड्रीमलायनर हे नाव ऐकून लोक खूश होतात. बोइंगने हे विमान मुळात एका रांगेत आठ खुर्च्या धरून आखलं होतं. जवळपास सगळ्या कंपन्यांनी त्यात नऊ बसवल्या आणि बैठक पुन्हा सतरा इंचांवर आली. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७मध्ये दोन-चार-दोन अशा आठच ठेवल्या. गुडघ्यापुढची जागाही ते इतरांपेक्षा दोनेक इंच जास्त देतात. इकॉनॉमीतच जायचं आहे आणि टोकियोवरून जाणं सोयीचं आहे, अशा माणसाला मी हे विमान बिनदिक्कत सुचवते. एअरबस ए३५०मध्ये नऊ खुर्च्या असूनही प्रत्येकी अठरा इंचांच्या आसपास मिळतात, कारण त्याचं पोट ७८७पेक्षा थोडं रुंद आहे. ए३८०चा खालचा मजलाही साधारण तेवढाच ऐसपैस. ए३३० जुनं म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यात दोन-चार-दोन मांडणी असते. नवरा-बायको दोघंच जात असतील तर तिसरा शेजारी नसण्याचं सुख काय असतं, ते त्यात बसल्यावर कळतं.

खुर्चीइतकीच महत्त्वाची आहे हवा. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जातं तेव्हा आतला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवलेला नसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे शिमल्याहूनही वर. ७८७ आणि ए३५० यांचा सांगाडा मुख्यतः कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचा आहे. दर उड्डाणाला फुगून-आकसून धातूला जो थकवा येतो, तो त्याला तितका येत नाही. त्यामुळे या विमानांत दाब सहा हजार फुटांवरच्याइतका राखता येतो. आपल्या हिशेबात सांगायचं तर कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वर. धातू गंजायची भीती कमी असल्याने आतली हवाही थोडी दमट ठेवता येते. एरवी लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, उतरल्यावर डोकं जड होतं. दमा असलेल्यांना, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना आणि वयस्कर मंडळींना हा फरक तरुणांपेक्षा जास्त जाणवतो. त्यामुळे आई-बाबांसाठी तिकीट काढताना दोन पर्याय जवळपास सारखे असतील, तर नव्या सांगाड्याचं विमान निवडावं.

कुठलं विमान आहे हे कळणार कसं? तिकीट शोधताना तपशिलात एक छोटं सांकेतिक नाव दिसतं. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, ७८९ म्हणजे ७८७-९, ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३८८ म्हणजे ए३८०. तो संकेत बघितला की त्या कंपनीच्या सीट मॅपवर जाऊन रांगेतल्या खुर्च्या मोजायच्या. एका मिनिटाचं काम आहे. त्याच जागी ‘ऑपरेटेड बाय’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते, तीही वाचावी. तिकिटावर युनायटेडचा क्रमांक आणि विमान लुफ्थान्साचं, असं सर्रास असतं. जेवण, खुर्ची निवडायची पद्धत हे बहुधा विमान उडवणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने चालतं. माहीत नसलं की विमानतळावर दोन काउंटरांच्या मधे आपली फुटबॉलसारखी टोलवाटोलवी होते.

वरच्या वर्गांत तर विमानागणिक फरक आणखी ठळक होतो. एमिरेट्सचा बिझनेस क्लास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ए३८०चा वरचा मजला येतो. एक-दोन-एक मांडणी, प्रत्येकाला थेट वाटेवर पाऊल ठेवता येईल अशी जागा, मागे बार. त्याच कंपनीच्या ७७७मध्ये मात्र बिझनेस क्लासची मांडणी वर्षानुवर्षं दोन-तीन-दोन होती. म्हणजे एवढे पैसे मोजूनही कुणीतरी मधल्या सीटवर बसायचंच. २०२४पासून ती विमानं टप्प्याटप्प्याने एक-दोन-एक केली जात आहेत. तोवर कुठलं विमान वाट्याला येईल, हे बघूनच पैसे भरावेत. एअर इंडियाचंही तसंच. २०२४च्या जानेवारीत सेवेत आलेल्या त्यांच्या ए३५०मध्ये बिझनेसच्या २८ खुर्च्यांना सरकती दारं आहेत आणि प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ खुर्च्या आहेत. जुन्या ७८७-८मध्ये बिझनेसच्या १८ खुर्च्या दोन-दोन-दोन अशा मांडलेल्या आणि प्रीमियम इकॉनॉमी मुळातच नाही. ‘एअर इंडियाने गेलो होतो, छान होतं’ आणि ‘एअर इंडियाने गेलो होतो, पुन्हा नाही’ ही दोन्ही वाक्यं त्यामुळे एकाच वेळी खरी असू शकतात.

आता प्रीमियम इकॉनॉमीकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. तैवानच्या एव्हा एअरने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला हा वर्ग आणला. त्याच सुमारास ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकनेही तसाच वर्ग काढला. त्यात मिळतं काय? साधारण एकोणीस इंच रुंद खुर्ची, पुढे-मागे अडतीस इंचांच्या आसपास अंतर (इकॉनॉमीत ते एकतीस-बत्तीस असतं), पाठ जास्त मागे जाते, पोटऱ्यांना टेकू मिळतो आणि रांगेत माणसं कमी असतात. जेवण जरा बरं, चेक-इनची रांग वेगळी, बॅगेची मुभा बहुधा वाढीव. आडवं होता येत नाही. लाउंजही सहसा मिळत नाही. त्यामुळे हिला छोटी बिझनेस समजून कुणी तिकीट काढलं, तर त्याची निराशा ठरलेली. ती थोडी मोठी इकॉनॉमी आहे, आणि त्या अपेक्षेने घेतली तर लांबच्या पल्ल्यात पैसे वसूल करते.

या वर्गाचं महत्त्व कळायला सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गाची हकिकत बघावी. सिंगापूर एअरलाइन्सने २००४मध्ये नेवार्कहून सिंगापूरला थेट विमान सुरू केलं. ते चार इंजिनांचं ए३४०-५०० होतं. एवढ्या लांब जायचं तर इंधन प्रचंड लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन लागतं. प्रत्येक प्रवाशाचं वजन महागात पडायला लागलं. २००८मध्ये त्यांनी विमानात फक्त शंभर बिझनेसच्या खुर्च्या ठेवून पाहिल्या. तरी गणित जमलं नाही आणि २०१३मध्ये सेवा बंद पडली. पाच वर्षांनी ती परत आली ती ए३५०-९००यूएलआर या दोन इंजिनांच्या विमानाने. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं, नेहमीच्या ए३५०-९००पेक्षा सुमारे २४,००० लिटर जास्त. प्रवासी मात्र १६१च. त्यात ६७ बिझनेसचे आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीचे. साधी इकॉनॉमी नाहीच. अठरा तासांच्या उड्डाणात माणसाला एकतीस इंचांत बसवायचं नाही, असं ठरवूनच ते विमान आखलं गेलं. २०२०च्या नोव्हेंबरपासून केनेडी विमानतळाहून सुटणारं त्यांचं विमान १५,३०० किलोमीटरहून जास्त अंतर न थांबता कापतं. नियमित प्रवासी सेवेत याहून लांबचा पल्ला नाही.

भाड्याचा हिशेब मी असा मांडते. प्रीमियम इकॉनॉमीचं भाडं इकॉनॉमीच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतं आणि बिझनेसचं तिप्पट ते पाचपट. जास्तीच्या पैशांना विमानातल्या एकूण तासांनी भागू नये, खऱ्या झोपेच्या तासांनी भागावं. हा हिशेब केला की चित्रच पालटतं. न्यूयॉर्कहून लंडन किंवा फ्रँकफर्टचं रात्रीचं उड्डाण सात-आठ तासांचं असतं. त्यातले पहिले दोन तास जेवणात जातात आणि उतरायच्या दीड तास आधी दिवे लागून नाश्ता येतो. झोपायला उरतात चार तास, तेही कसेबसे. त्या तुकड्यासाठी सपाट पलंगाचे पैसे भरणं मला पटत नाही. न्यूयॉर्कहून दुबई किंवा दोहाचं उड्डाण मात्र बारा-तेरा तासांचं. जेवण आणि नाश्ता वजा जाता सलग आठ तास उरतात. सपाट पलंग इथे खरोखर कामाला येतो. तिथून मुंबई तीन तासांवर. तेवढ्यासाठी इकॉनॉमी चालून जाते. काही तिकिटांत लांबचा तुकडा वरच्या वर्गात आणि छोटा तुकडा खालच्या वर्गात असा मेळ घालता येतो. कधी हा मेळ आपल्याला न सांगताही घातलेला असतो. ‘बिझनेस’ म्हणून दिसलेल्या तिकिटात दोन तासांचा तुकडा बिझनेसचा आणि तेरा तासांचा इकॉनॉमीचा निघतो. प्रत्येक तुकड्यापुढे वर्ग काय लिहिलाय, ते पैसे भरण्याआधी वाचावं.

प्रवासाचे तुकडे कसे पडावेत, हे तुम्ही अमेरिकेच्या कुठल्या किनाऱ्यावर राहता त्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीकरांना युरोप मधोमध पडतो, आठ आणि साडेआठ तासांचे जवळपास सारखे दोन तुकडे. पाय मोकळे होतात, पण झोपेचे दोन अर्धे तुकडे होतात आणि दोन्ही अपुरे. लहान मुलं बरोबर असतील तर मी हाच मार्ग घेईन, कारण आठ तासांनंतर मुलं कुठल्याही खुर्चीत राहत नाहीत. बे एरियातल्या माणसाचं गणित वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबई कुठूनही गेलं तरी तेरा हजार किलोमीटरच्या वरच. आखातातून गेलात तर साडेपंधरा-सोळा तास आणि मग तीन. सिंगापुरातून गेलात तर सोळा-सतरा आणि मग साडेपाच. दुसरा मार्ग लांबचा वाटतो, पण चांगी विमानतळावर अंघोळ करून, पोटात गरम काही घालून पुढचं विमान पकडणाऱ्यांना तोच मानवतो. शिवाय उतरण्याची वेळही बघा. मध्यरात्री दोनला मुंबईत उतरून पुढे पुणे किंवा नाशिक गाठायचं असेल तर भाड्यात वाचलेले पैसे टॅक्सीत आणि थकव्यात जातात.

नकाशा गेल्या काही वर्षांत कसा बदलला, हेही तिकीट काढणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. फिनलंडच्या फिनएअरचा सगळा धंदाच भूगोलावर उभा होता. हेलसिंकीहून रशियावरून गेलं की आशिया जवळ पडायचा, टोकियो साडेनऊ तासांत. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. काही उड्डाणं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. अमेरिकी कंपन्यांनाही तीच अडचण. युनायटेडने सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली सेवा त्यामुळेच थांबवली. एअर इंडिया रशियावरून जात राहिली, म्हणून तिचा मार्ग छोटा राहिला, पण त्यालाही जोखीम होती. जून २०२३मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं तिचं ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदान इथे उतरवावं लागलं. प्रवाशांना घ्यायला दुसरं विमान जाईपर्यंत त्यांना तिथेच अडकून राहावं लागलं. मग एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. दिल्लीहून अमेरिकेला ‘थेट’ निघालेली विमानं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी थांबू लागली. आखातही याला अपवाद नाही. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तास आपली हद्द बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं भलतीकडे वळवावी लागली. अशा वेळी दोन तुकडे एकाच पीएनआरवर असतील तर पुढची सोय लावणं कंपनीवर बंधनकारक राहतं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडली असतील, तर पहिलं विमान उशिरा आलं की दुसरं तिकीट बुडीत. आई-बाबांच्या प्रवासात हा खेळ करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आई-बाबांचा प्रवास हा वेगळाच विषय आहे. तिथे खुर्चीपेक्षा विमानतळ जास्त थकवतो. व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी, किमान अठ्ठेचाळीस तास आधी. तिचे पैसे पडत नाहीत. गुडघे दुखत नसले तरी अनोळखी विमानतळावर, वेगळ्या भाषेत, दीड तासात गेट गाठायचं दडपण तिच्यामुळे उतरतं. अबू धाबीमार्गे अमेरिकेत येणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. जानेवारी २०१४पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स आधीच उरकलं जातं, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर लांबलचक रांग नाही, देशातल्या देशात प्रवास केल्यासारखं बाहेर पडायचं. पहिल्यांदा एकट्या येणाऱ्या आईसाठी ही गोष्ट मोलाची आहे. उलट, न्यूयॉर्कला उतरून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असेल तर पहिल्याच विमानतळावर बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. भारतात दिल्लीला उतरून मुंबईचं विमान घेतानाही सहसा तसंच. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा सत्तरीच्या माणसाने ओढायच्या आहेत, हे डोळ्यांपुढे ठेवून मधला थांबा निवडावा. भारतीय पासपोर्टवर युरोपात किंवा ब्रिटनमध्ये ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे मुलाच्या अमेरिकन पासपोर्टवरून ठरवू नये. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आई-बाबांच्या कागदपत्रांनुसार तपासावं.

जेवणाचंही आधीच सांगावं लागतं. बहुतेक कंपन्यांत किमान चोवीस तास आधी. इथे संकेत माहीत असले तर घोळ टळतो. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, एचएनएमएल म्हणजे हिंदू मांसाहारी. व्हीजीएमएल दिसायला शाकाहारी वाटतं, पण ते व्हीगन असतं. त्यात दही नाही, तूप नाही, पनीर नाही. बाबांपुढे वाफवलेल्या भाज्या आणि कोरडा पाव येतो आणि मुलाला वाटतं, कंपनीच वाईट.

खिडकी की आइल, यावर घरात वाद होतात. साठी ओलांडलेल्यांसाठी माझं उत्तर आइल. जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो. तरी अशा प्रवासातही तो धोका फार थोडा, सहा हजारांत एकाच्या आसपास. पण खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने तासन्‌तास हलत नाही. पाणीही कमी पितो, कारण मग उठावं लागेल. आइलवर बसलेला उठतो, दोन फेऱ्या मारतो. ज्यांना पूर्वी असा त्रास झालाय, ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झालीय, त्यांनी डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घालावेत.

रांग निवडताना सीट मॅपवर दिसत नाहीत अशा काही गोष्टी असतात. भिंतीलगतच्या पहिल्या रांगेत पुढे कुणी पाठ मागे टाकणारा नसतो, पण टीव्ही आणि ट्रे हाताच्या दांड्यात असल्याने तो दांडा वर होत नाही आणि बैठक आणखी अरुंद होते. बाळाचं बॅसिनेट तिथेच टांगतात, त्यामुळे रात्रभर रडं ऐकायची तयारी हवी. बाळ आपलंच असेल तर मात्र ती जागा तिकीट काढल्या दिवशीच फोन करून मागावी. आपत्कालीन दाराजवळ पाय पसरता येतात, पण मुलं, गरोदर बाई किंवा हालचालीला मदत लागणारी व्यक्ती तिथे बसू शकत नाही. काही खुर्च्यांखाली टीव्हीच्या यंत्रणेचा लोखंडी डबा असतो. वरून कळत नाही, बसल्यावर एक पाय सरळ होत नाही म्हणून कळतं. आणि एक जागा मला फार आवडते. बऱ्याच ७७७-३००ईआरमध्ये शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे तीन-चार-तीनची मांडणी शेवटच्या काही रांगांत दोन-चार-दोन होते. खिडकीच्या बाजूला दोघांचीच जोडी, आणि विमानाची भिंत आणि खुर्ची यांच्या मधे पिशवी ठेवण्याइतकी फट. जेवण उशिरा येतं, उतरायला वेळ लागतो, शौचालय जवळ. तरी दोघांसाठी इकॉनॉमीत याहून चांगली जागा क्वचित सापडते.

पैसे भरल्यानंतरही काही हक्क हातात राहतात. अमेरिकेतून सुटणाऱ्या किंवा तिथे येणाऱ्या विमानाचं तिकीट कंपनीकडून थेट, निघायच्या किमान सात दिवस आधी काढलं असेल, तर चोवीस तासांत ते दंडाशिवाय रद्द करता येतं. निदान तेवढा वेळ भाडं राखून ठेवण्याची मुभा तरी असते. ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार कंपनीने तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं किंवा आंतरराष्ट्रीय उड्डाण सहा तास किंवा त्याहून जास्त पुढे ढकललं, तर प्रवास नाकारून पूर्ण परतावा मागता येतो. प्रवास केलात, तर वर्गातल्या भाड्याचा फरक मागता येतो. युरोपीय संघातल्या देशांतून सुटणाऱ्या विमानांना, मग कंपनी कुठलीही असो, संघाचा २००४चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. फ्रँकफर्टहून मुंबईला चार तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर माणशी ६०० युरो. दुबई, दोहाहून मुंबईला असं ठरावीक रकमेचं संरक्षण नाही. भाडं सारखं असेल तर हाही एक मुद्दा युरोपाच्या बाजूने धरावा.

तिकीट काढल्यावर सीट नंबर लिहून ठेवा. महिन्याभराने आणि मग निघायच्या आठवडाभर आधी तो पुन्हा बघा. नंबर आपोआप बदललेला दिसला, किंवा आधी ‘एच’वर असलेली आइल आता ‘जी’वर दिसली, तर कंपनीने विमानच बदललंय असं समजायचं. त्याच दिवशी फोन करा. तेव्हा नव्या मांडणीतल्या बऱ्या जागा अजून रिकाम्या असतात आणि खुर्ची बदलून मिळायची शक्यताही तेव्हाच सर्वांत जास्त असते.